छातीनं ऐकणारे काकाजी

काकाजीची नक्कल कर म्हणून कोणी म्हटलं, की मी आजही हात जोडतो. बाकी कोणाचीही सांगा. साहेबाची करतो, कँटीनवाल्याची करतो, नागपूरच्या बर्डी बाजारात कपडे विकणाऱ्या बाईची करतो. "घ्या ना भाऊ, नाई घ्याचं तर हात कायले लावला भाऊ." माणसाचीच काहून, मशीनचीही करतो. आमचा कॉम्प्रेसर सुरू होताना कसा खाकरते, क्रेन जड माल उचलताना कशी कन्हते, सारं या तोंडात आहे. मी उमरेडचा, कोष्ट्याचा पोट्टा. आमच्या गल्लीत घरोघरी हातमाग. अंथरुणात पडल्या पडल्या मले समजे, की कोणाचा माग चालून राहिला आन् कोणाचा धोटा अडकला. शाळेत मास्तर हजेरी घेत, तर गैरहजर पोट्ट्यायच्या आवाजात "हजर" मीच म्हणो. एक दिवस इतक्या जणायचं "हजर" म्हटलं, की स्वतःच्या नावाले गप्प राहिलो आन् मीच गैरहजर लागलो.

पण काकाजीची नक्कल नाही.

काकाजी म्हणजे आमच्या रोल शॉपचे फोरमन. पंच्याहत्तर-शहात्तरच्या सुमाराची गोष्ट आहे. हिंगणा रोडवर आमचा पत्र्याचा कारखाना. दोन पोलादी रोलच्या मधून जाड पत्रा दाबत न्यायचा, की तो पातळ होते. घरी पोळी लाटतात तसं, फक्त लाटणी दोन आन् पोळपाट नाही. आता लाटण्याले चरा पडला तर पोळीवर उमटते, तसंच इथं. रोलवर जे असन ते पत्र्यावर छापून येते. म्हणून खराब झालेला रोल काढून आमच्याकडे आणत. आम्ही तो मोठ्या ग्राइंडिंग मशीनवर चढवून घासत, आरशासारखा करून परत देत. त्या मशीनवर मी ऑपरेटर होतो. मशीन जुनं, विलायती, आन् काकाजीचं. कारखान्याचं होतं, पण कोणी तसं म्हणत नसे.

काकाजीच्या आवाजाले पकडायले जागाच नव्हती. प्रत्येकाच्या आवाजात एखादा खिळा असते, त्याले आपण आपली नक्कल टांगतो. कोणी नाकात बोलते, कोणी शेवटचा शब्द गिळते. काकाजी बोलत तर ऐकू येई, समजे, आन् झाल्यावर आठवत नसे की आवाज कसा होता. घासलेल्या रोलवर बोट फिरवल्यासारखं. चालणं तसंच. शॉपमध्ये ते अनवाणी फिरत. लोखंडाचा चुरा, तेल, मशीन थंड ठेवणारं दुधासारखं पांढरं पाणी सांडलेलं, त्यातून अनवाणी. आपण वळून पाहावं तर काकाजी हातभर अंतरावर उभे.

"काकाजी, पायात घाला ना काही," मी एकदा म्हटलं.

"मग जमीन काय म्हणते ते कोण ऐकन? तू?"

शर्ट घालत नसत. बंडी, तीही कशी, तर बटन काढून टाकलेलं, नाडीनं बांधायची. त्याचं कारण म्हणजे त्यायची छाती. रोल घासताना शेवटी कट बंद करतात. व्हील, म्हणजे घासायचं दगडी चाक, नुसतं रोलवरून जाते-येते, ठिणगी बारीक होत जाते आन् मग मरते. ठिणगी मेली की रोल झाला. बाकीचे लोक ती डोळ्यानं पाहतात. काकाजी डोळे मिटून, छातीची डावी बाजू मशीनले टेकवून उभे राहत, लेकराले पोटाशी धरावं तसे. व्हील कुठं जड झालं, पाण्यातून कुठं कचरा आला, हिऱ्याच्या टोकानं व्हीलचं तोंड ताजं करायची वेळ झाली काय, सारं त्यायले छातीतून समजे. बंडीवर डाव्या बाजूले तळहाताएवढा तेलाचा काळा डाग होता, धुऊनही न जाणारा. आन् तेव्हा त्यायचा श्वास दिसत नसे. मी मुद्दाम पाहिलं आहे. एकदा कानावर माशी बसली होती. ठिणगी मरेपर्यंत तीही हलली नाही.

"चकाकते ते फिनिश नाही गा," ते म्हणत. "चमचाही चकाकते. आपण इथं काही केलं हेच दिसू नये, ते फिनिश."

माझी आन् त्यायची खरी ओळख कॉम्प्रेसरवरून झाली. नवीन होतो. ते छाती लावून उभे, आन् मी मागं सुदामले, म्हणजे आमच्या क्रेनवाल्याले, कॉम्प्रेसर काढून दाखवून राहिलो होतो. काकाजीनं झटकन व्हील मागं घेतलं आन् अनवाणी पळत कॉम्प्रेसर बंद करायले गेले. कॉम्प्रेसर बंदच होता. परत आले, माझ्या तोंडाकडे पाहिलं. मले वाटलं, गेली नोकरी.

"अजून काय काय येते तुले?" त्यायनं विचारलं.

"सारंच येते काकाजी. तुमचा आवाज सोडून."

"माझा नको शिकू," ते म्हणाले. हसले नाहीत.

मग त्या पट्ट्या आल्या.

पत्रा दाबणाऱ्या मिलचे साहेब पुण्याचे. एक दिवस ते स्वतः पत्र्याचा तुकडा घेऊन आले आन् खिडकीशी तिरपा धरला. "हे बघा काकाजी. दिसतंय का?"

सरळ पाहिलं तर काही नाही. तिरप्या उजेडात दोन बारीक सावल्या, जवळ जवळ, जुळ्या बहिणींसारख्या. मग कोरी जागा. मग पुन्हा दोन. अशा साऱ्या पत्र्याभर. नख फिरवलं तर लागत नव्हतं.

"आपलं गिऱ्हाईक कपाटं बनवतं," साहेब म्हणाले. "रंग मारला की या पट्ट्या उठून दिसतात. माल परत यायला लागलाय. पुढची जोडी स्वच्छ निघाली नाही, तर मला हे मशीन भंगारात काढावं लागेल. रोल आपण बाहेरगावी पाठवू. तुम्हाला स्टोअरमध्ये टेबल देतो. पंखा आहे तिथे."

तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा काकाजीनं मशीनवर हात ठेवला, आन् साहेब गेल्यावरही काढला नाही. त्या माणसाले पोर नव्हतं, गावाकडे कोणी नव्हतं. घरी बायको आन् इथं हे. स्टोअरच्या पंख्याखाली काकाजी कसे बसतील, हे मी डोळ्यासमोर आणून पाहिलं, नक्कल करायले पाहतो तसं. खुर्ची दिसली. काकाजी दिसले नाहीत.

आम्ही सारं करून पाहिलं. व्हील काढून तोललं, टाकीतलं पाणी बदललं, पट्टे बदलले, बेअरिंग उघडले. व्हीलले हिरा मारला, रोल सावकाश फिरवला, कट नखाच्या धुळीएवढा ठेवला. जुनाच एक रोल घासून पाहिला. पट्ट्या तशाच.

"कुठंतरी काहीतरी हलून राहिलं," काकाजी म्हणाले, "आन् ते रोलवर लिहून ठेवून राहिलं. रोल बहिरा नसते गा."

त्यायनं काय केलं, बसचं जुनं तिकीट काढलं. त्याचा काठ रोलवर अलगद टेकवला आन् मले रोल फिरवायले लावला. तिकीट अगदी बारीक वाजू लागलं. त्यायनं मले वाकवलं. "घे तोंडात."

मी ऐकलं आन् काढलं. "डुग-डुग... डुग-डुग... डुग-डुग..."

"पाठ कर. आता पाहू, कारखान्यात हा कोणाचा आवाज आहे."

मग आमची वरात निघाली. समोर काकाजी अनवाणी, मागं मी डुग-डुग करत. कॉम्प्रेसरपाशी उभं करत, विचारत, "हा?" मी म्हणो, "नाही, हा तर बुढा आहे, खोकते." पाण्याच्या पंपापाशी. नाही. कँटीनच्या चक्कीपाशी. नाही. रस्त्यावर जाऊन ट्रकायले कान लावला. पानठेलेवाला म्हणे, "काय गा, काकाजीनं नवीन रेडिओ घेतला काय? स्टेशन लागून नाही राहिलं वाटते!" क्रेनवरून सुदाम ओरडला, "जोरात वाजव बे, वर ऐकू येत नाही!" मीही जोरात वाजवलं. मज्जा होती, बाप्पा. पगार घेऊन नक्कल करायले कोणाले भेटते?

मज्जा संपली ती तिकीट पूर्ण रोलभर, या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं तेव्हा. मी मागून मागून आवाज काढून राहिलो होतो. डुग-डुग... डुग-डुग... आन् एका जागी काहीच आलं नाही. नुसती कोरी जागा. मग पुन्हा डुग-डुग.

"इथं तिकीट उचललं गेलं काकाजी."

त्यायनं पुन्हा नेलं. त्याच जागी पुन्हा कोरं. पुढं अजून एक जागा, तशीच. दोन्ही जागायच्या अंतरात काही मेळ नाही.

काकाजीनं तिकीट खिशात ठेवलं. "मशीन बिघडते," ते हळू म्हणाले. "थांबते. जळते. पण चुकत नाही. चुकते ते जिवंत असते."

मी हसलो. शॉपमध्ये माझं हसू मले दुसऱ्याचं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी सुदामनं मशीनले निंबू-मिरची बांधली. "पोट्ट्या, पायव्यात कोणी गाडलेलं तर नाही ना?" मले म्हणे. काकाजीनं आल्या आल्या निंबू काढून फेकलं. "निंबूचा रस पोलादाले खाते," बस, एवढंच. सुदाम त्यानंतर क्रेनवरून खाली उतरेना. चहाही दोरीनं वर घेई.

आन् मले वेगळाच रोग लागला. ते डुग-डुग तोंडातून जाईना. जेवताना घास त्या तालावर. सायकलचं पायडल त्या तालावर, आन् मधेच कधीतरी एक पायडल चुके, पाय अधांतरी राहे. कोणता चुकन हे मले अगोदर माहीत नसे. पण चुकला की वाटे, हो, इथंच चुकायले पाह्यजे होता.

त्या रविवारी दुपारी काकाजीनं मले घरी जेवायले बोलावलं. प्रताप नगरले घर, दोन खोल्या, आजूबाजूले मोकळे प्लॉट. काकूनं दार उघडलं ते ओठावर बोट ठेवूनच. आत गेलो तर असं घर मी पाहिलं नव्हतं. भांडी सारी गोणपाटावर. बशांच्या मधे मधे फडकं. पळ्या, झारे एकमेकाले लागू नये म्हणून दूर दूर खिळ्यायवर, आन् प्रत्येकाच्या दांड्याले चिंधी. भिंतीवरचं घड्याळ बंद.

"घड्याळ बिघडलं काय काकू?"

"हे घरी असले की बंद ठेवते," काकू कुजबुजली. "तेही मग यायच्यासारखंच चुकते."

मले ते समजलं नाही. जेवण झालं. सावजी रस्सा होता, झणझणीत, पण शिंकायचीही भीती. काकाजी आतल्या खोलीत खाटेवर आडवे झाले. मी हात धुवायले गेलो. कोपऱ्यात पाण्याचा पितळी गुंड, त्याच्याखालीही गोणपाट, काठोकाठ भरलेला. मी लोटा बुडवायले वाकलो आन् थांबलो. पाण्यावर दोन गोल उठले. जवळ जवळ. मग पाणी शांत. मग पुन्हा दोन गोल. वरून काही पडत नव्हतं. रस्त्यावर गाडी नव्हती. माझं तोंड आपोआप सुरू झालं. "डुग-डुग... डुग-डुग..." मधेच मी थांबलो, आन् पाणीही थांबलं. मग आम्ही दोघं पुन्हा सुरू झालो.

काकूच्या हातचं ताट खाली बसलं, गोणपाटावर, आवाज न होता. "बाबू, हे तुले कोठून आलं?"

"रोलवरून, काकू."

तिचं तोंड पांढरं पडलं. "मागच्या उन्हाळ्यापासून आहे हे. पयले बशा वाजू लागल्या. मले वाटलं घूस असन. मग कपाट वाजू लागलं. हे ड्युटीवर गेले, की सारं चुप. घरी आले, की सुरू."

"काकाजीले सांगितलं नाही?"

"सांगितलं तर काय होईन? मशीन सोडतील काय हे? मले सोडतील." तिनं पदरानं तोंड पुसलं, आन् आतल्या खोलीकडे मान केली. "जा. तूच पाह्य."

मी आत गेलो. काकाजी उताणे, डोळे मिटलेले, बंडीवरचा डाग वर. मी वाकलो, कान छातीपाशी नेला. टेकवायची गरज पडली नाही. सारा रोल तिथं होता. जुळ्या पट्ट्या, कोरी जागा, जुळ्या पट्ट्या. आन् एक चुकलेली.

वर पाहिलं तर काकाजीचे डोळे उघडे. केव्हापासून उघडे होते कोण जाणे.

"सापडलं काय?" त्यायनं विचारलं.

मी हो म्हणून मान हलवली.

"मले वाटतच होतं," ते म्हणाले. "पण आपला आवाज आपल्याले समजत नाही गा."

धंतोलीत एका बुढ्या डॉक्टरकडे नेलं. त्यायनं नळी कानात घातली, काकाजीच्या छातीले लावली. मी कोपऱ्यात उभा होतो, तोंड बंद ठेवायचा लय प्रयत्न केला, पण ओठ हलूनच राहिले. डॉक्टर रागावले, "काय लावलं रे?" मग हळूच म्हणाले, "थांब. पुन्हा काढ." मी काढलं. एका जागी चुकलो. डॉक्टरनं नळी कानातून काढून माझ्याकडे पाहिलं.

"तुला तिथून ऐकू येतं?"

"नाही डॉक्टर. मले पाठ आहे."

"पाठ?" ते म्हणाले. "हा ठोका आत्ता चुकला. आत्ता, या क्षणी. तो पाठ कसा असेल?" आन् मग त्यायनं घाईघाईनं गोळ्या लिहून दिल्या, मशीनपासून दूर राहा म्हणाले, आन् पुढच्या पेशंटले बोलावलं.

आता कारण तर भेटलं. इतक्या बारीक कामात, जिथं केसाचा शंभरावा भागही लय होते, तिथं काकाजी छाती लावून उभे राहत, आन् त्यायचा आजारी ठोका मशीनमधून रोलवर उतरे. मी म्हटलं, "सोपं आहे काकाजी, छाती लावू नका."

त्यायनं एक रोल तसा केला. हात मागं बांधून, दूर उभे राहून. जुळ्या पट्ट्या नव्हत्या, पण बाकी सारं होतं. व्हील फिरल्याच्या तिरप्या रेघा, एका टोकाले जळल्याचा पिवळा डाग. डोळे असून आंधळा झालेल्या माणसाचं काम. छाती लावली तर पट्ट्या, नाही लावली तर रेघा. आन् साहेबाची जोडी क्रेनले लटकून येऊन राहिली होती.

"तू," काकाजी म्हणाले.

"मी काय?"

"तू उभा राहा. माझ्यासारखा."

"काकाजी, तुमचं तेवढं जमत नाही मले. शंभरदा करून पाहिलं."

"बाहेरून करत होता तू. आज मी आतून सांगतो."

त्यायनं बंडीची नाडी सोडली, बंडी माझ्या अंगात घातली. डाग बरोबर माझ्या डाव्या बाजूवर आला, गरम होता. मले अनवाणी केलं. मशीनपाशी उभं केलं, मागून खांद्यावर हात ठेवले. "खांदे सोड. पोट सोड. तुझ्यात तो हसणारा पोट्टा आहे ना, त्यालेही जाऊ दे. गेला? आता छाती लाव." आन् ते दाराबाहेर उन्हात जाऊन उभे राहिले, अंगावर काही नाही, पार कडूनिंबाच्या झाडापाशी.

मी छाती लावली.

कसं सांगू? अंधाऱ्या विहिरीत उतरल्यासारखं झालं, फक्त विहीर माझ्या आत होती. व्हीलचा एक एक कण मले वेगळा लागून राहिला होता. पाणी कुठं पातळ, कुठं जाड. दूरच्या टोकाले रोल मावशीसारखा पुटपुटून राहिला. ठिणगी मी पाहिली नाही, ती माझ्या बरगडीत बारीक होत गेली आन् मेली. मी तिथं नव्हतोच. जन्मात पहिल्यांदा मले काकाजी जमले होते.

सुदामनं नंतर सांगितलं, "मी वरून पाहिलं तर काकाजी मशीनवर होते, आन् काकाजीच झाडाखाली उभे होते. मी डोळे मिटून घेतले, बावा."

रोल पुसला. काकाजी आत आले. आम्ही दिवा तिरपा धरला.

जुळ्या पट्ट्या. कोरी जागा. जुळ्या पट्ट्या. पुढं एक चुकलेली.

"काकाजी, तुम्ही तर बाहेर होते!" मी ओरडलो. "इतक्या दूरून कसं आलं?"

काकाजी वाकले, आन् माझ्या छातीले कान लावला. लय वेळ तसेच राहिले. मग सरळ झाले, स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवली, ओठ हलवत मोजल्यासारखं केलं. आन् हसले. त्या माणसाचे दात मी पहिल्यांदा पाहिले. लहान, सारखे, घासल्यासारखे.

"बंडी दे," ते म्हणाले. "आन् तू जाय झाडाखाली."

तो रोल त्यायनं पुन्हा घासला, मग त्याचा जोडीदार. छाती लावून, डोळे मिटून. साहेब आले, दिवा या बाजूनं धरला, त्या बाजूनं धरला. रोलमध्ये त्यायचं तोंड दिसत होतं, भांगासकट. "वा! काय केलंत तरी काय?" काकाजी म्हणाले, "काही नाही साहेब. एक आवाज होता, तो काढला." मशीन राहिलं. भंगाराचा विषय पुन्हा निघाला नाही.

धंतोलीचे डॉक्टर म्हणाले, गोळ्यायचा इतका गुण त्यायनं कधी पाहिला नाही. काकाजीचा ठोका कसा नवीन घड्याळासारखा. मग मी शर्ट वर केला. त्यायनं नळी लावली, ऐकलं, आन् कपाळाले आठ्या. "नक्कल बंद कर."

"मी करून नाही राहिलो, डॉक्टर."

"बंद कर म्हटलं ना!"

तेव्हापासून माझी जितकी काळजी काकाजी घेत, तितकी माझ्या मायनंही घेतली नव्हती. मले दुसऱ्या बाजूच्या मशीनवर टाकलं, हलकं काम. रोज काकूचा डबा माझ्यासाठी येई, वर तुपाची धार. "जेवला काय? जिना चढू नको. सायकल सोड, बसनं येत जाय." सुदाम म्हणे, "जावई करून घेऊन राहिले काय गा तुले?" मलेही पयले बरं वाटलं. मग एकदा मले ताप आला. काकाजी खोलीवर आले, दिवसभर उशाशी बसून राहिले. मी कण्हलो की घाबरत. आन् दर वेळेस त्यायचा हात जाई तो माझ्या कपाळावर नाही. स्वतःच्या छातीवर. अजून सरळ आहे ना, परत तर येऊन नाही राहिला ना, हे पाह्याले.

बरा झाल्यावर मी सरळ रोल शॉपमध्ये गेलो. नवीन जोडी चढवलेली होती, काकाजी बंडीची नाडी बांधून राहिले होते.

"काकाजी," मी म्हटलं, "हे तुमचं तुम्ही घेऊन घ्या. मी समोर उभा राहतो, माझ्यासारखा. तुम्ही माझी नक्कल करा. तुमाले जमन. मी आतून सांगतो."

ते थांबले. वाईट माणूस नाही तो, मी आजही सांगतो. डोळ्यात पाणी आलं त्यायच्या. माझ्या गालावर हात ठेवला, किती तरी वेळ ठेवला. मग मशीनकडे पाहिलं.

"ही जोडी निघू दे गा," ते म्हणाले. "मग पाहू."

आन् वळून त्यायनं छाती लावली, डोळे मिटले. वर सुदामनं क्रेनची घंटी वाजवली. तो पुढची जोडी घेऊन येऊन राहिला होता.